तेरावी गाठ

सदीद माणसाच्या तोंडाकडे आधी बघत नसे. आधी त्याच्या सावलीकडे बघे. तुम्ही समोर उभे राहिलात की त्याची नजर तुमच्या पायाशी जायची, तिथून जमिनीवरून सरपटत सावलीच्या टोकापर्यंत, आणि मग सावकाश वर, तुमच्या डोळ्यांपर्यंत. "दुपारच्या अजानला वेळ आहे अजून," असं काहीतरी पुटपुटून मग तो म्हणायचा, "सलाम. घरी बरे सगळे?" उजवा खांदा खाली, कारण त्या खांद्यावर जन्मभर एक फळी आणि खुंट्यांची पिशवी. चालताना टाचेआधी चवडा टेकायचा. ओल्या मातीत आखलेली रेघ पुसू नये म्हणून आपण जपून चालतो ना, तसा. आमची दगडी गल्ली कोरडी ठणठणीत असली तरी तसाच.

हे मला इतकं बारीक ठाऊक आहे, कारण नकला करणं हा माझा धंदा होता. कैरोच्या बाब अल-लूकच्या मैदानात मी चाळीस वर्षं सोंगं वठवली. माझं नाव नुसैर, पण उंच टोपी घालून उभा राहायचो म्हणून सगळे मला अबू तर्तूर म्हणत, म्हणजे टोपीवाले बाबा. झोपेत निकाल देणारा काजी, पायात काटा मोडलेला उंट, एका डोळ्यानं रडून दुसऱ्यानं सुनेवर नजर ठेवणारी सासू, किती सांगू! त्या काळी शुक्रवारची दुपारची नमाज झाली की मैदानात तीळ टाकायला जागा नसायची. मी नुसता खांदा उडवला की मागच्या रांगेतून हशा यायचा. आता आवाज गेला, दात गेले, ते लोकही गेले. सगळी सोंगं अंगावरून उतरली. सदीदचं तेवढं उतरलं नाही.

त्याची एक दोरी माझ्याकडे होती. ती परत करायला मला वीस वर्षं लागली. ती कशी परत केली ते लिहून ठेवतो आहे.

सदीद आमच्या गल्लीच्या मशिदीत वेळा सांगायचा. सावली मोजून कुठल्या नमाजची वेळ झाली ते ठरवायचं आणि अजान देणाऱ्याला खूण करायची, एवढंच काम. तरुणपणी दमास्कसहून आलेल्या एका म्हाताऱ्या विद्वानापाशी तो गणित आणि तर्कशास्त्र शिकला होता. बायको बाळंतपणात गेली. मागे एक मुलगी, शम्सा. सकाळी उकडलेले वाल, वर जवसाचं तेल आणि लिंबू, तेवढं खाऊन बाप अंगणात उन्हाची वाट बघत बसायचा आणि मुलगी चातीवर सूत कातायची. "सूर्य उगवतो ती देवाची करणी," तो म्हणायचा. "कुठे उगवला ते बघणं ही माझी नोकरी."

असा माणूस गल्लीत कुणाला जड होत नाही. पण तेलघाणीवाल्या बद्रियाबाईंनी आपल्या गेलेल्या नवऱ्याच्या नावानं एक लहान मशीद बांधायला काढली, आणि तिथून सगळं बिघडलं.

नमाजला उभं राहिलं की तोंड मक्केकडे, काब्याकडे हवं. ती दिशा म्हणजे किब्ला. म्हणून मशिदीत आधी किब्ल्याची भिंत आखतात, बाकीच्या तिच्या मागून येतात. ती रेघ आखायला बाईंनी सदीदला बोलावलं. त्यानं आखली. गवंड्यानं शंभर पावलांवरच्या जुन्या मशिदीशी ताडून पाहिली आणि थापी खाली ठेवली.

"शेख, तुमची रेघ वाकडी आलीय."

"वाकडी नाही. वेगळी आहे."

"जुन्या मशिदीत पूर्वेला चार हात गेलं की दक्षिणेला दोन हात सरकायचं. तुम्ही तीन सरकलात."

"बरोबर. चाराला तीन."

"हातभर फरक पडला की, शेख!"

"चार हातांत हातभर. मक्केपर्यंत जाईतो किती पडेल, तूच बघ."

घटकाभरात अर्धी गल्ली तिथे जमली. वजीह खतीब आले. शुक्रवारचं प्रवचन तेच द्यायचे. ते वाईट माणूस नव्हते, हे मला आधीच सांगितलं पाहिजे. त्यांनी अर्ध्या गल्लीच्या मुलांना अक्षरं शिकवली होती आणि अर्ध्या गल्लीच्या आईबापांना शेवटचं पाणी पाजलं होतं. लोकांच्या मनातली एक वीट हलली तर सगळी भिंत येईल, ही त्यांची भीती होती. त्या भीतीनं ते बोलत.

"सदीद, ही जुनी दिशा पैगंबरांच्या सोबत्यांनी दाखवलेली. सहाशे वर्षं आपल्या बापजाद्यांनी तिकडे कपाळ टेकलं. ते काय चुकले?"

"नाही, शेख. त्यांनी मनापासून शोधली, समजली तशी धरली. त्यांची नमाज पोचली."

"मग तुझी रेघ कशाला हवी?"

"मला आता समजलंय म्हणून. समजल्यावर न समजल्यासारखं कसं वागू?"

"अक्कल चाकर आहे, बाबा. चाकरानं धन्याच्या मागून चालावं."

"रस्ता अंधारा असला की कंदीलवाला पुढे चालतो, शेख. म्हणून काही तो धनी होत नाही."

कुणीतरी हसलं. ते हसू खतिबांना झोंबलं. दूधवाला मागून ओरडला, "मग रोज आमच्या रांगेत जुन्या भिंतीकडे तोंड करून कसा उभा राहतोस रे?"

"तुमच्यात असतो तेव्हा रांग मोडत नाही. एकटा असतो तेव्हा मला समजलंय तसा उभा राहतो."

"म्हणजे तोंडं दोन!"

आता सगळेच हसले. सदीदही हसला. त्याला वाटलं, गंमत चाललीय.

मी मागे उभा होतो. मला हसू आलं नाही. वीस दिवसांपूर्वी माझी बायको गेली होती. तुरफा. माझी ती उंच टोपी तिनं शिवलेली, टोकाला तीन घुंगरं लावलेली. मैदानात हशा झाला की ती बुरख्याआडून बोट वर करायची. एक बोट म्हणजे बरं, दोन म्हणजे छान, तीन मला आयुष्यात दोनदाच मिळाली. आमच्यात माणसाला कबरीत उजव्या कुशीवर ठेवतात, तोंड किब्ल्याकडे करून. मी स्वतः खाली उतरून तिचा गाल मातीला टेकवला होता. कबर मर्जूकनं खणली होती, सगळ्यांची खणतो तशी. चाराला दोन.

आणि हा माणूस उभा राहून सांगत होता की तीन.

चार पावलं पुढे होऊन विचारायचं होतं फक्त. शेख, माझी तुरफा भलतीकडेच बघत पडलीय का? एवढा एक प्रश्न. पण छातीत जे पेटलं होतं त्याला मी प्रश्न म्हणून बाहेर काढू शकलो नाही. मला प्रश्न विचारायची सवयच नव्हती. मला सोंग यायचं.

दुसऱ्या दिवसापासून मी त्याच्या अंगणात जाऊन बसायला लागलो. धंद्याची रीत होती माझी. ज्याची नक्कल करायची त्याच्याजवळ तीन दिवस बसायचं, चौथ्या दिवशी तो आपल्या अंगात शिरतो. सदीदला वाटलं, मी शिकायला आलोय.

"तुला खरंच शिकायचंय, नुसैर?" सगळं कैरो मला अबू तर्तूर म्हणायचं. हा एकटा आईबापांनी ठेवलेल्या नावानं हाक मारायचा. "दहा वर्षांत कुणी विचारलं नाही रे. ये, उन्हात बस. सावलीत हे शिकता येत नाही."

आणि त्यानं शिकवलं. जमीन सपाट करायची, पाणी ओतून बघायचं, ते कुठेच ओघळलं नाही की समजायचं जमली. मधोमध खुंटी, भोवती वर्तुळ. "याला हिंदी वर्तुळ म्हणतात. कुठल्याशा हिंदी माणसानं काढलेलं. तो कुणाची पूजा करत होता, देव जाणे. पण त्याची सावली खरी होती आणि आपल्याला तिच्यावाचून मक्का सापडत नाही. गंमत आहे की नाही?" सकाळी खुंटीची सावली लांब असते, ती आखडत आखडत वर्तुळाच्या आत येते. जिथून आत आली तिथे एक खूण. दुपारी ती वाढत वाढत बाहेर जाते. जिथून गेली तिथे दुसरी. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम.

मग दोरी. वाखाची, हाताहातावर एक अशा बारा गाठी मारलेली, शेवटची गाठ पहिल्या टोकाला जुळवायची. चार हात पूर्वेला, तीन दक्षिणेला, आणि उरलेले पाच हात परत खुंटीपाशी. बरोबर ताणली की दोरी पुरते, ना कमी ना जास्त. पाच हातांची ती तिरकी बाजू, तीच मक्केची वाट.

"बघ, आपण ओढून आणलं नाही. आपोआप जुळलं," तो म्हणायचा आणि त्या दोरीकडे असा बघायचा, जसा एखादा आपल्या नातवाकडे बघतो. "तुझे डोळे चांगले आहेत, नुसैर. हात तर त्याहून. एकदा दाखवलं की विसरत नाहीस. ही दोरी घेऊन जा, घरी सराव कर."

मी त्याचा खांदा घेतला, चवड्यावरची चाल घेतली, सावलीवरून वर चढणारी नजर घेतली. दोरीही घेतली. शम्सा तेव्हा बारा वर्षांची. तिनं मला तीन दिवस पाणी दिलं.

शुक्रवारी मैदानात उभा राहिलो. तुरफा गेल्यानंतरचा पहिला खेळ. गर्दी उसळली होती. मी खांदा पाडला, पहिल्या माणसाच्या सावलीकडे बघितलं, सावकाश वर चढलो आणि त्याला म्हणालो, "सलाम. तू अजून सव्वा घटकेनं भेटायला हवा होतास." मैदान कोसळलं. गल्लीतले तर एकमेकांच्या अंगावर पडले. मग खुंटी, मग वर्तुळ, मग दोरी. दोरीत मी दोन गाठींच्या मध्ये एक जादा गाठ मारून ठेवली होती, सगळ्यांना दिसावी अशी चांगली मोठी, लिंबाएवढी. मोठमोठ्यानं मोजत चाराला तीन केलं, पाच केले, आणि दोरीचं टोक हातात उरलं.

"हातभर उरली! आता काय करू? कापू? छे छे, शेखांची दोरी! मग असं करा, काबाच हातभर सरकवा! अरे कोण आहे रे मक्केत? धरा एका बाजूनं! उचला!"

आणि त्या हशाच्या मधोमध पुढच्याच रांगेतून आवाज आला. शांत, मन लावून बोलणारा.

"तेरावी गाठ कुठून आली, नुसैर? ती सोड. सोडलीस की जुळेल."

सदीद मुलीला घेऊन आला होता. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की अबू तर्तूर आज तुमची विद्या दाखवणार आहे. लोकांना वाटलं, हाही खेळातलाच. असा हशा मी आयुष्यात ऐकला नाही, आधी नाही, नंतर नाही. घोड्यावरून चाललेले शिपाई थांबून हसले. तुरफा असती तर किती बोटं वर केली असती, मला ठाऊक नाही. बहुतेक तिनं हात बुरख्याच्या आत घेतला असता.

तेव्हा त्यानं माझ्याकडे बघितलं. माझा उजवा खांदा बघितला, चवडे बघितले. आणि मग तोंडाकडे बघितलं. सावलीकडे न बघता, थेट. मुलीचा हात धरला आणि गर्दीतून वाट काढत गेला. गर्दीनं त्यालाही टाळ्या दिल्या.

पुढचं सांगायला फार वेळ लागत नाही. तो "हातभर शेख" झाला. पाणक्या हाक द्यायचा, "शेख, काबा आज कुठवर सरकला?" तांबट हातोडा थांबवून विचारायचा, "चाराला तीन की तीनाला चार?" नव्या मशिदीची भिंत जुन्या दिशेनं उभी राहिली. बद्रियाबाई म्हणाल्या, "मला वाद नको, नवऱ्याच्या नावावर हसू तर नकोच नको." खतिबांनीही त्याला वेळा सांगायच्या कामावरून काढलं. जो माणूस खूण करायला हात वर करतो तेव्हा रांगेतले लोक तोंड दाबून हसतात, त्याच्या खुणेवर नमाज कशी सुरू करायची? त्यांचं तरी काय चुकलं? सदीद मुलीला घेऊन फुस्तातला नदीकाठी राहायला गेला. होडीवाल्यांना वेळ सांगायचा. ते त्याला मासे द्यायचे, शम्सा सूत विकायची.

ती नक्कल मात्र मी करत राहिलो. लोक मागायचे. लग्नाला बोलवायचे ते तिच्यासाठी. माझी दुसरी सोंगं जुनी होत गेली, हे एक कधी जुनं झालं नाही. तेराव्या गाठीशी आलो की कुणीतरी प्रेक्षकांतून स्वतःच ओरडायचा, "ती सोड, सोडलीस की जुळेल!" त्याचं ते खरं वाक्य लोकांनी खेळात घालून टाकलं. मी रोज हसून मान डोलवायचो.

नऊ वर्षांनी मी नदीकाठी गेलो. का गेलो? तुरफाची कबर खचली होती, मर्जूक म्हणाला नीट करून घ्या, आणि ती उकरलेली माती बघून तो जुना प्रश्न पुन्हा घशाशी आला. सदीद धक्क्यावर बसला होता. माझी सावली त्याच्या गुडघ्यावर पडली. त्यानं ती बघितली, टोकापासून वर आला.

"नुसैर! उन्हात का उभा? बस. मासे खाशील?"

मी बसलो. विचारलं. डोळे पाण्याकडे ठेवून विचारलं.

"कधी पुरलीस तिला?"

"तुम्ही ती रेघ आखलीत त्याच्या वीस दिवस आधी."

"तुला तेव्हा ठाऊक होतं?"

"नाही."

"मर्जूकला?"

"त्याला काय ठाऊक असणार!"

"मग तिचं तोंड बरोबर आहे. हे तू नऊ वर्षं पोटात ठेवलंस?" तो हसला, पण मला नव्हे. "ऐक. दोघे जण वाळवंटात वाट चुकले. एकानं चांदण्या बघितल्या, वारा बघितला, डोकं शिणवलं, आणि भलत्याच दिशेला उभा राहिला. त्याची नमाज पोचली. दुसऱ्यानं काहीच बघितलं नाही. उठला तसा उभा राहिला, आणि नेमका मक्केकडे. त्याला पुन्हा पढावी लागते."

"दिशा बरोबर असून?"

"दिशा बरोबर असून. शास्त्र जाणणारे बरेच जण असंच म्हणतात, मी पदरचं सांगत नाही. देवानं दिशा दिली, आणि ती शोधायला डोकंही त्यानंच दिलं. एक ठेवून घ्यायचं आणि दुसरं परत करायचं, असं चालत नाही. माझंही मोजमाप काही आकाशातून पडलेलं नाही. उद्या कुणी माझ्याहून नीट मोजेल, तेव्हा माझी रेघ पुसावी. पण त्यानं मोजून पुसावी."

एवढंच उत्तर होतं. चार पावलांवर नऊ वर्षं पडून होतं. मी तेव्हा विचारलं असतं तर त्यानं असंच सांगितलं असतं, तिथेच, गवंड्यासमोर, आणि मी घरी जाऊन रडलो असतो, आणि सगळ्यांचं सगळं ठीक झालं असतं.

निघताना तो म्हणाला, "माझी वाखाची दोरी आहे का रे तुझ्याकडे? शम्साला शिकवीन म्हणतो. नवी करायला घेतली, पण हात थरथरतात. गाठी सारख्या पडत नाहीत."

दोरी माझ्या पेटीत होती. टोपीखाली. त्याच आठवड्यात एका लग्नात मी ती ताणली होती.

"हरवली, शेख," मी म्हणालो.

त्यानं माझ्या सावलीकडे बघितलं आणि मान हलवली. "बरं. सापडली तर बघ."

आणखी अकरा वर्षं गेली. तूबा महिन्यातली कडाक्याची थंडी, सूर्य नुकता वर आलेला. दारात एक बाई. शम्साला मी ओळखलं नाही, पण तिनं उंबऱ्यावरच्या माझ्या सावलीकडे आधी बघितलं आणि मला कळलं.

"बाबा पहाटे गेले," ती म्हणाली. बस म्हटलं तर बसली नाही. "माझ्या मनानं मी या दारात आले नसते. ते म्हणाले, माझी कबर चाराला तीन खणा. आणि रेघ आखायला नुसैरला बोलाव. त्याला येतं. दुसऱ्या कुणाला मी शिकवलेलं नाही."

मी कोपऱ्यातल्या पेटीकडे बघितलं.

"दोरी त्याच्याकडेच आहे, असंही म्हणाले."

मी पेटी उघडली. टोपी बाजूला केली, घुंगरं वाजली. दोरी काढली. ती बघत होती. 

करफाच्या कबरस्तानात मर्जूकचा हात आता मुलगा धरायचा, पण कुदळ अजून तोच मारायचा. दहाबारा माणसं होती, बहुतेक होडीवाले. आणि वजीह खतीब, काठी टेकत आलेले, डोळ्यांत मोतीबिंदू वाढलेले. मी जमीन सपाट केली, पाणी ओतलं, खुंटी रोवली, वर्तुळ काढलं. सकाळची खूण झाली. आता दुपार कलेपर्यंत थांबायचं. एक होडीवाला कुरकुरला, "मढं असं दिवसभर ठेवतात का? खणा की नेहमीसारखं आणि सोडा."

"थांबा," खतीब म्हणाले. "आम्ही ह्याला एकदा घाई केली होती."

तो गुरुवार होता. गुरुवारी बायामुलं आपापल्या माणसांच्या कबरींवर येतात, खजूर वाटतात, भाकरी सोडून बसतात. दुपारपर्यंत कबरस्तान भरलं. सावली वर्तुळाबाहेर पडली, मी वाकून दुसरी खूण केली आणि दोरी उलगडायला लागलो. उजवा खांदा आपसूक खाली गेला, चवडा आधी टेकला. हे काम मला दुसऱ्या कुठल्या अंगानं येतच नव्हतं. त्याचं अंग घेऊनच मी ते शिकलो होतो.

"अरे! अबू तर्तूर!" कुणीतरी ओरडलं. "हातभर शेख! या रे, या! म्हातारा पुन्हा उभा राहिला!"

माणसं भाकरीवरून उठून आली. पहिला हशा आला. मी एक, दोन, तीन मोजत पूर्वेला सरकलो आणि बोटाखाली ती लागली. लिंबाएवढी. तेरावी. ती मी कधी सोडलीच नव्हती. सोडायची गरजच काय, हशा तिच्यावरच तर यायचा.

ती सोडल्याशिवाय दोरी जुळणार नव्हती. मी खाली बसलो. वीस वर्षं ताणून ताणून गाठ दगड झाली होती. नखं लागेनात. दातांनी धरायला गेलो तर दात नाहीत. हिरड्यांनी ओढतोय, लाळ गळतेय, आणि भोवती लोक पोट धरून हसताहेत. आणि मग तेच, मला ठाऊकच होतं येणार म्हणून, एकानं म्हटलं आणि मग दहाजणांनी सुरात म्हटलं, "ती सोड! सोडलीस की जुळेल!"

शम्सा बापाच्या जनाज्यापाशी उभी होती. तिच्याकडे बघायचं धैर्य मला झालं नाही. शेवटी मर्जूकनं आपल्या कुदळीचं टोक पुढे केलं. ते गाठीत घालून मी हिसका दिला आणि ती सैल झाली. दोरीवर तिथे एक पांढरा, मुरगळलेला डाग राहिला. चार हात पूर्वेला. तीन दक्षिणेला. पाच परत. टोक खुंटीला लागलं. ना कमी ना जास्त.

"जुळली?" खतिबांनी विचारलं. त्यांना दिसत नव्हतं.

"जुळली, शेख."

"मग तशी खण, मर्जूक. त्याला ठाऊक होतं, त्याला त्याच्या दिशेनं ठेव." आणि जनाज्याच्या नमाजसाठी ते उभे राहिले तेव्हा जुन्याच दिशेला उभे राहिले, आणि आम्ही सगळे त्यांच्या मागे, रांगेत. सदीदनंही तसंच केलं असतं.

त्याला उतरवलं. उजव्या कुशीवर. पाठ माझ्याकडे आली, तोंड पलीकडे, त्या पाचाच्या रेघेवर. माती पडली. मी दोरी गुंडाळून उठलो, आणि मागून टाळ्या आल्या. मनापासूनच्या होत्या, कुणाला काही वाईट करायचं नव्हतं. "वाहवा, अबू तर्तूर! शंभर वर्षं जग!" कुणीतरी मुठीतले खजूर माझ्याकडे फेकले.

आणि माझी पाठ वाकली. हात छातीशी गेला, तिथून नसलेल्या टोपीकडे. चाळीस वर्षांची सवय, तिला कबर कळत नाही. ताज्या मातीच्या कडेला उभं राहून मी लोकांना मुजरा केला.

वर बघितलं तेव्हा शम्सा समोर होती.

"द्या," ती म्हणाली.

मी दोरी दिली. तिनं ती बोटांतून सरकवत गाठी मोजल्या. त्या पांढऱ्या डागापाशी थांबली, अंगठ्यानं तो दाबून बघितला, पुढे गेली. मग पुन्हा पहिल्यापासून मोजल्या.

"बारा," ती म्हणाली, आणि दोरी कमरेला बांधून होडीवाल्यांबरोबर निघाली.